१६२ मतांचा गठ्ठा

"द्यायचं असतं हो आम्हालाही. पण निवडून येत नाहीत ना!"

हे वाक्य मी पंचवीसेक वर्षं ऐकतो आहे. पक्ष बदलतात, निरीक्षक बदलतात, विश्रामगृहातल्या सोफ्यांची कव्हरं बदलतात, वाक्य तेच. तालुक्याचा वार्ताहर म्हणून इच्छुकांच्या मुलाखतींच्या दिवशी व्हरांड्यात बसून राहणं हा माझ्या कामाचा भाग होता. आत निरीक्षक, बाहेर गाड्यांची रांग, प्रत्येक इच्छुकामागे त्याची पोरं, घोषणा, चहाचे कागदी कप. अशाच एका दुपारी आमच्याकडचा एक फळांचा अडत्या आत गेला. बागवान समाजातला, बाजार समितीवर दोनदा संचालक, एकदा उपसभापती. चार मिनिटांत तो बाहेर आला. काय विचारलं, म्हटलं. तो हसला. "तुमची मतं किती, म्हणाले. मी म्हटलं, मागच्या वेळी समितीला आमच्या गटात सगळ्यात जास्त मतं मलाच होती. तर म्हणाले, तसं नव्हे. तुमच्या समाजाची किती?"

त्याला समितीत मतं देणाऱ्यांत माळी होते, लिंगायत होते, मराठे होते. तो बाजारपेठेतला माणूस म्हणून आत गेला आणि मुसलमान म्हणून बाहेर आला. नंतर निरीक्षकांबरोबर चहा घेताना मी विषय काढला, तेव्हा ते वरचं वाक्य आलं. वर शब्दही आला: इलेक्टिव्ह मेरिट. मराठी राजकारणात हा शब्द इतका रुळला आहे, की त्याला मराठी प्रतिशब्द शोधायची कुणाला गरज वाटली नाही. हा लेख त्या वाक्याला आणि त्या शब्दाला उत्तर म्हणून आहे.

आधी हिशेब मांडून बाजूला ठेवतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुस्लिम ११.५४ टक्के, म्हणजे १ कोटी ३० लाखांच्या घरात. २८८ जणांच्या विधानसभेत २०१४ मध्ये मुस्लिम आमदार ९, २०१९ मध्ये १०, २०२४ मध्ये १०. त्रैराशिक मांडलं तर ३३ यायला हवेत. मला या त्रैराशिकात रस नाही. ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, या पद्धतीत विखुरलेल्या कुठल्याच समाजाला लोकसंख्येच्या मापाने जागा मिळत नाहीत, आणि मिळाल्याच पाहिजेत असंही माझं म्हणणं नाही. ३३ का नाहीत, याची बरीच कारणं सांगता येतील. 'निवडून येत नाहीत' हे मात्र त्यातलं खरं कारण नाही.

नोव्हेंबर २०२४ ची निवडणूक घ्या. महाविकास आघाडीचा धुव्वा उडाला. काँग्रेसने १०१ जागा लढवून १६ जिंकल्या. शंभरावर उमेदवारांत मुस्लिम दहाच्या आत होते. निवडून आलेल्या १६ जणांत ते तीन आहेत: मुंबादेवीत अमीन पटेल, मालाड पश्चिमेत अस्लम शेख, अकोला पश्चिमेत साजिद खान पठाण. उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेने वर्सोव्यात हारून खान यांना उभं केलं. ज्या पडझडीत पक्षाचे वीसच आमदार आले, त्यात ते सोळाशे मतांनी निवडून आले. आता सांगा, मेरिट कुणाचं कमी पडलं? त्याच लाटेत कराड दक्षिणेत पृथ्वीराज चव्हाण पडले. संगमनेरात बाळासाहेब थोरात पडले. तिवशात यशोमती ठाकूर पडल्या. दुसऱ्या दिवशी कुणी म्हणालं का, की आता मराठा उमेदवार चालत नाहीत, पुढच्या वेळी विचार करावा लागेल? चव्हाण पडले की चव्हाण पडतात. नसीम खान २०१९ मध्ये चांदिवलीत ४०९ मतांनी पडले, तेव्हा मात्र एक समाज पडला.

यावर येणारं उत्तर मला ठाऊक आहे. "हे सगळे मुस्लिमबहुल जागांवरचे." काही आहेत, नाही असं नाही. पण कागल? सिल्लोड? त्यांच्याकडे पुढे येतोच. आधी अशी एक निवडणूक बघू, जिथे सामान्य मतदार नसतोच.

जुलै २०२४. विधान परिषदेच्या ११ जागा, मतदार फक्त विधानसभेचे आमदार. इथे ध्रुवीकरण नाही, प्रचारसभा नाही, मोहल्ला नाही की पेठ नाही. पक्षाने ज्याचं नाव कागदावर लिहिलं, तो पक्षाच्या संख्याबळावर आत. ११ जागांसाठी सगळ्या पक्षांचे मिळून १२ उमेदवार होते. त्यांत एकही मुस्लिम नव्हता. सत्ताधाऱ्यांचा नव्हता, आणि महिन्याभरापूर्वी मुस्लिम मतांच्या मोठ्या आधाराने राज्यातल्या ४८ पैकी ३० खासदार निवडून आणणाऱ्या आघाडीचाही नव्हता. त्याच महिन्यात बाबाजानी दुर्राणी आणि वजाहत मिर्झा यांची मुदत संपली आणि ७८ जणांच्या वरच्या सभागृहात एकही मुस्लिम सदस्य उरला नाही. ऑक्टोबरमध्ये राज्यपालनियुक्त म्हणून मिरजेचे इद्रिस नाईकवडी आले, तेही अजित पवारांच्या कोट्यातून. 'जातीयवादी' म्हणून ज्यांच्यावर बोट ठेवायचं, त्या महायुतीच्या यादीतून! जिथे निवडून येण्याचा प्रश्नच नव्हता, तिथे नाव लिहिताना धर्मनिरपेक्षांचा पेन अडला. मग ते इलेक्टिव्ह मेरिट नेमकं कुणाकडून तपासून घेतलं होतं?

ही गोष्ट भाजपला लागू होत नाही, हे इथेच सांगून टाकतो. भाजपने २०२४ च्या विधानसभेला एकही मुस्लिम उमेदवार दिला नाही, आणि त्याबद्दल कारणं सांगत बसण्याचे कष्टही घेतले नाहीत. तिथे प्रतिवाद कशाचा करायचा? वाद ज्यांच्याशी करता येतो, जे घटनेची प्रत हातात धरून सभा घेतात, त्यांच्याशी हा वाद आहे. लोकसभेला राज्यातल्या ४८ जागांवर दोन्ही मोठ्या आघाड्यांचा मिळून मुस्लिम उमेदवार शून्य होता. तेव्हा नसीम खान यांनी काँग्रेसच्या प्रचार समितीचा राजीनामा दिला. लोकांना तोंड कसं दाखवू, असा त्यांचा सवाल होता. चार दिवस बातमी चालली. मग त्यांची समजूत घालण्यात आली. समजूत घालण्याच्या कलेत आपले पक्ष निष्णात आहेत.

आता गठ्ठ्याकडे येतो, कारण 'तुमच्या समाजाची किती' या प्रश्नाच्या बुडाशी तोच आहे. मुसलमान एकगठ्ठा मतं देतात, हे गृहीतक दोन्हीकडे सारखंच आहे. एका बाजूला त्या गठ्ठ्याची भीती घालायची असते, दुसऱ्या बाजूला तो फुकट हवा असतो.

२० मे २०२४ ला धुळे लोकसभेचं मतदान झालं. मतदारसंघात सहा विधानसभा. भाजपचे सुभाष भामरे पाचांत पुढे होते. सहाव्यात, मालेगाव मध्यमध्ये, काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी मिळाली. भामरे ३,८३१ मतांनी पडले. मग 'व्होट जिहाद' हा शब्द महाराष्ट्रात रुजला. खुद्द देवेंद्र फडणवीसांनी मालेगावचा हा आकडा सभांमधून सांगितला. विधानसभेच्या प्रचारात 'बटेंगे तो कटेंगे' आलं, 'एक हैं तो सेफ हैं' आलं, आणि त्या सगळ्याच्या मागे पुरावा म्हणून मालेगाव मध्य उभं होतं.

पुरावा कशाचा होता तो? मालेगावच्या मोमीन-अन्सारी विणकरांनी रांगा लावून मतं दिली ती नाशिकच्या माजी महापौर असलेल्या एका हिंदू बाईंना. मुसलमान फक्त मुसलमानाला मत देतो, या आरोपाचं यापेक्षा ढळढळीत खंडन मला दुसरं दिसत नाही. पण त्याच घटनेला जिहाद म्हणायचं ठरलं. त्याच निवडणुकीत मराठवाड्यात मराठा मतं एकवटली, जालन्यात रावसाहेब दानवे पडले. बीडमध्ये मराठा आणि ओबीसी असे दोन्हीकडून गठ्ठे बांधले गेले, पंकजा मुंडे साडेसहा हजारांनी पडल्या. त्याला आम्ही वार्ताहरांनी, मराठा आरक्षणाचे आंदोलक मनोज जरांगे यांच्या नावावरून, 'जरांगे फॅक्टर' म्हटलं. फॅक्टर! मराठे एकवटले की फॅक्टर, वंजारी एकवटले की अस्मिता, विणकर एकवटले की जिहाद. शब्द देणारे आम्हीच होतो, म्हणून हा दोष मी आमच्याही पदरात घालतो.

पण गंमत पुढे आहे. बरोबर सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, त्याच मालेगाव मध्यमध्ये त्याच मतदारांनी विधानसभेसाठी मतदान केलं. एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल निवडून आले. किती मतांनी? १६२. समोर होते काँग्रेसचे माजी आमदार आसिफ शेख, स्वतःचा नवा पक्ष काढून. दोघांनाही लाखावर मतं. शिवाय समाजवादी पक्षाकडून निहाल अहमद यांच्या कन्या शान-ए-हिंद उभ्या होत्या, काँग्रेसचा वेगळा उमेदवार होता. मे महिन्यातला १ लाख ९४ हजारांचा गठ्ठा नोव्हेंबरमध्ये गेला कुठे?

तो कधी नव्हताच. मालेगावचं राजकारण ज्याने जवळून पाहिलं आहे, त्याला हे नवीन नाही. निहाल अहमद हे समाजवादी. या शहराने त्यांना अनेकदा निवडून दिलं, ते विधानसभेत विरोधी पक्षनेतेही होते. पुढे काँग्रेसचे शेख रशीद यांनी त्यांना हरवलं, शेख रशीद यांना मुफ्तींनी हरवलं, मुफ्तींना शेख रशीद यांच्या मुलाने, म्हणजे याच आसिफ शेख यांनी, आणि मग पुन्हा मुफ्तींनी. यंत्रमागाची वीज, सुताचा भाव, गटारी, रस्ते, कोण कुणाच्या मय्यतीला आला नाही, यावर तिथे निवडणुका होतात. म्हणजे जशा तुमच्या-आमच्या तालुक्यात होतात तशाच. फरक एवढाच, की लोकसभेला समोर जे दिसत होतं त्याची त्यांना भीती वाटत होती. विधानसभेला ती नव्हती, कारण कोणीही आला तरी आपल्यातलाच येणार होता. भीती गेली, तसा गठ्ठा सुटला. ज्यांना गठ्ठा मोडायचा आहे त्यांनी उमेदवाऱ्या वाढवाव्यात, हे यातून सरळ निघतं. पण गठ्ठा मोडायचा कुणालाच नाही. एकाला तो दाखवायला हवा आहे, दुसऱ्याला वापरायला.

आता कागल. कोल्हापूर जिल्ह्यातला हा मतदारसंघ म्हणजे राजर्षी शाहूंच्या जनक घराण्याचं, घाटग्यांचं गाव. मुस्लिम मतं तिथे इतकी थोडी, की निरीक्षकांच्या वहीत त्यांचा वेगळा रकाना पडू नये. तिथून हसन मुश्रीफ १९९९ पासून २०२४ पर्यंत सलग सहा वेळा निवडून आले. त्याच घाटगे घराण्यातल्या समरजितसिंह यांना त्यांनी दोनदा हरवलं, शेवटच्या वेळी साडेअकरा हजारांनी. मुश्रीफांच्या राजकारणाची भलामण मी करत नाही. पक्षांतर, ईडीच्या धाडी, कारखान्याचे वाद, हे सगळं कोल्हापूरकर माझ्याहून चांगलं सांगतील. माझा प्रश्न वेगळा आहे: हा माणूस निवडून येतो कसा?

तो निवडून येतो, कारण महाराष्ट्रात आमदार ज्या जिन्यावरून वर चढतो, त्या जिन्यावरून तो चढलेला आहे. सदाशिवराव मंडलिकांच्या तालमीत तयार झाला, पुढे त्यांच्याशीच भिडला. जिल्हा मध्यवर्ती बँकेचं अध्यक्षपद, साखर कारखाना, दवाखान्यात नेलेले पेशंट, गटातटाची भांडणं. २०२५ मध्ये त्यांचा मुलगा गोकुळ दूध संघाचा अध्यक्ष झाला. म्हणजे घराणेशाहीतही ते इतर मराठी पुढाऱ्यांपेक्षा वेगळे नाहीत. कागलचा शेतकरी मत देताना उसाचं बिल, पीककर्ज आणि कोण फोन उचलतो हे बघतो. सिल्लोडचे अब्दुल सत्तार यांचंही तेच. पक्ष किती बदलले याची मोजदाद ठेवणं अवघड, पण तालुका हातात.

खरी मेख या जिन्यात आहे. महाराष्ट्रातला आमदार सोसायटी, बाजार समिती, पंचायत समिती, जिल्हा बँक, कारखाना, दूध संघ यांच्या पायऱ्या चढत वर येतो. हा सगळा जिना शेताच्या बांधावर उभा आहे. आणि महाराष्ट्रातला मुसलमान बहुतांशी शहरात राहतो. गावात राहिला तरी त्याच्याकडे ऊस नाही, शेअर नाही, सभासदत्व नाही. तांबोळी, अत्तार, मण्यार, पिंजारी, मुलाणी: गावगाड्यातली ही माणसं धंद्यावर जगली. त्यांच्यासाठी दुसरा जिना होता, नगरपालिकेचा. मंडल आयोगानंतर यातल्या अनेक जाती ओबीसीत आल्या. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमारसारखा माणूस त्यांच्या व्यासपीठावर येत राहिला. त्या चळवळीचं फळ आज छोट्या शहरांच्या पालिकांत दिसतं. ओबीसी राखीव प्रभागातून बागवान, अत्तार नगरसेवक निवडून येतात, कुठे उपनगराध्यक्ष होतात.

आणि तिथे जिना संपतो. वर गच्चीचं दार बंद. पालिकेतून विधानसभेच्या तिकिटापर्यंत जायला मध्ये जी पायरी लागते, ती पक्षाने द्यायची असते: जिल्हाध्यक्षपद, महामंडळ, एखादी 'पडणारी' जागा लढवायची संधी. इतरांना ती मिळते. पडणारी जागा लढवून, दहा-वीस हजारांनी पडून, पुढच्या वेळी निवडून आलेले किती आमदार तुम्हाला ठाऊक आहेत ते आठवून बघा. मुस्लिम कार्यकर्त्याला मात्र पडायचीसुद्धा संधी नाही. त्याला अल्पसंख्याक सेल मिळतो. सेलचं काम काय? सभेला टोप्या दिसतील अशी माणसं पुढच्या रांगांत बसवणं, ईदला साहेबांच्या फोटोसह शुभेच्छांचा फलक लावणं, आणि मतदानाच्या दिवशी मोहल्ल्याची टक्केवारी वाढवणं. ओबीसी सेल, डॉक्टर सेलसुद्धा असतात, हे मान्य. पण डॉक्टरला डॉक्टर सेलमध्येच राहा, असं कुणी सांगत नाही.

म्हणजे चक्र असं फिरतं. तिकीट द्यायचं तर मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, मानखुर्द अशा जागांवरच. तिथून निवडून आलेल्याला तिथल्याच लोकांचं बोलणं भाग असतं. तो बोलला की म्हणायचं, बघा, हे फक्त त्यांच्याच समाजाचं बोलतात. आणि मग इतर जागांवर न देण्याचं कारण तयार.

एक आक्षेप सज्जनांचा आहे, त्याला सौम्यपणे उत्तर द्यायला हवं. प्रतिनिधी कुठल्या धर्माचा हे बघायचंच कशाला? काम करणारा असला की झालं. शोभाताई मालेगावच्या प्रतिनिधी नाहीत का? आहेतच. पण हे तत्त्व दोन्ही दिशांनी चाललं पाहिजे. विणकराचा प्रतिनिधी हिंदू बाई होऊ शकतात, तर ऊसवाल्याचा प्रतिनिधी मुसलमान का नाही? महाराष्ट्राने हे करून पाहिलेलं आहे. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे झाले ते त्यांच्याच काळात, १ मे १९८१ ला. संजय गांधी निराधार योजना त्यांची; आज गावोगावच्या विधवा, वृद्ध ज्या 'संजय गांधी'च्या पगाराची वाट बघतात, तो हा. यात मुस्लिम काय होतं? काहीच नाही. प्रतिष्ठानाच्या देणग्या आणि सिमेंटच्या वाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांना जावं लागलं, तेही बरोबरच झालं. श्रीवर्धनचा हा माणूस मुख्यमंत्री म्हणून आला, वाईट मुख्यमंत्री म्हणून गेला असंही म्हणा हवं तर. पण मुसलमान म्हणून नाही. युतीच्या सरकारात कामगारमंत्री झालेले अंबरनाथचे साबीर शेख शिवचरित्रावर आणि संतांवर तासन् तास बोलत. शिवसेनेचे आमदार होते ते. त्या पक्षाला १९९५ मध्ये जे जमलं, ते स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्यांना २०२४ च्या लोकसभेत ४८ पैकी एका जागेवर जमलं नाही.

जुनी आठवण काढायचीच तर ती अशी आहे. १९१६ च्या लखनौ करारात स्वतंत्र मतदारसंघ आणि त्यावर वाढीव जागा मान्य करण्यात लोकमान्य टिळकांचा मोठा वाटा होता. फाळणीनंतर ते सगळं गेलं, जायलाच हवं होतं. संविधानाच्या १९४८ च्या मसुद्यात धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा होत्या. मे १९४९ मध्ये त्याही काढल्या. मद्रासच्या मोहम्मद इस्माईल यांनी विरोध केला, पण बेगम ऐजाज रसूल यांच्यासारख्या मुस्लिम सदस्यांनीच राखीव जागा नकोत म्हणून बाजू मांडली. आम्ही बहुसंख्याकांच्या सद्भावनेवर विसंबतो, असा त्याचा अर्थ होता. ते विसंबणं कायद्याच्या कलमात नव्हतं, पक्षांच्या उमेदवार याद्यांत उतरायचं होतं. मला आजही राखीव जागा नको आहेत. त्या आल्या तर मोहल्ल्याला कुंपण पडेल. पण ज्यांच्या भरवशावर ते कुंपण काढलं, त्यांनी 'निवडून येत नाहीत' म्हणून हात झटकायचे, हे कसं चालेल?

दुसरा आक्षेप तिखट आहे. "जे निवडून आले त्यांनी काय दिवे लावले?" याला मी पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. जुलै २०२४ मध्ये विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरं फोडली, मशिदीवर हल्ला झाला, तेव्हा कोल्हापूरचे पालकमंत्री मुश्रीफच होते. मग प्रतिनिधित्वाचा काय उपयोग? प्रश्न रास्त आहे. पण मंत्रिमंडळात एकटादुकटा असलेला माणूस प्रतिनिधी नसतो, नमुना असतो. त्याचं पहिलं काम आपण नमुना नाही हे दाखवणं, म्हणजेच गप्प राहणं. २०१४ ते २०१९ फडणवीस मंत्रिमंडळात नमुनाही नव्हता. २०१९ च्या आघाडी सरकारात चार होते. डिसेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळात एकटे मुश्रीफ. चौघे असले की त्यातला एक बोलू शकतो, एक भांडू शकतो, एक चुकीचंही बोलू शकतो.

तरीही या आमदारांची एक गोष्ट मला खटकते. राज्यातल्या मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या महमूदुर रहमान समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला. मागास मुस्लिमांना ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला तो २०१४ च्या जुलैमध्ये, निवडणूक दाराशी आली तेव्हा. उच्च न्यायालयाने शिक्षणातला भाग चालू ठेवायला मुभा दिली होती. नव्या सरकारने अध्यादेश संपू दिला. अहवाल हातात असताना सत्ताधारी बाकांवरच्या मुस्लिम आमदारांनी स्वतःच्याच सरकारची कॉलर का धरली नाही? धरता येत नव्हती, कारण पुढच्या तिकिटाची दोरी त्याच हातात होती.

अशी पोकळी राहिली की तिथे दुसरं कुणी येऊन बसतं. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर मौलाना सज्जाद नोमानींनी आघाडीला जाहीर पाठिंबा दिला, आणि आघाडीचे नेते खूश झाले. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, त्या राज्यात पुरोगामी पक्षांना मुसलमानांशी बोलायला मौलाना लागतो! स्वतःचा जिल्हाध्यक्ष असता, स्वतःचा आमदार असता, तर लागला नसता. कार्यकर्ता घडवायला वीस वर्षं लागतात, मौलानाला एक फोन. आणि त्या एका पाठिंब्याची किंमत समोरच्या बाजूने पुरेपूर वसूल केली.

एमआयएमवर फार लिहावंसं वाटत नाही. भाजपची 'बी टीम' म्हणून त्यांना हिणवणाऱ्यांनी ए टीममध्ये जागा किती ठेवली होती, एवढंच विचारतो. औरंगाबादेत २०१९ ला त्यांचे इम्तियाज जलील वंचित बहुजन आघाडीच्या साथीने ४,४९२ मतांनी खासदार झाले. २००४ नंतर महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेले ते पहिले मुस्लिम. दलित आणि मुस्लिम मतं एकत्र आली, तिरंगी-चौरंगी लढतीत बसलं. ती युती काही महिन्यांत जागावाटपावरून मोडली. एका समाजाचा पक्ष त्या समाजाच्या वस्तीबाहेर जाऊ शकत नाही, हे त्यांनाही कळून चुकलं असावं. मला तो मार्ग पटत नाही. पण ज्याला दिवाणखान्यात बसू दिलं नाही, त्याने अंगणात वेगळी खुर्ची टाकली म्हणून त्याच्यावर ओरडण्याचा हक्क दिवाणखान्यातल्यांना नाही.

आमच्या बागवानाचं सांगायचं राहिलं. त्या निवडणुकीत पक्षाने तिकीट दिलं ते आठ दिवसांपूर्वी दुसऱ्या पक्षातून आलेल्या एकाला. तो पडला. बागवान पुढच्याच वर्षी बाजार समितीवर तिसऱ्यांदा निवडून आला. त्यानंतर काही दिवसांनी त्या निरीक्षकांचा मला फोन आला, त्याचा नंबर हवा होता म्हणून. पक्षातर्फे शहरात इफ्तार ठेवायची होती. खजूर मुंबईहून येणार होता. कलिंगडं आणि केळी घाऊक भावात मिळतील का, एवढंच विचारायचं होतं.